तरुणांचें ताट आणि मोबाइलवरील आरोग्योपदेश



मनुष्यानें काय खावें हें आजवर चार गोष्टी ठरवीत आल्या: शेतांत काय पिकतें, पदरीं पैसा किती आहे, घरांतील वडील माणसांची रीत काय आहे, आणि दुखणें आलें असतां वैद्य काय सांगतो. गेल्या दहा-बारा वर्षांत या चार गोष्टींच्या जोडीला एक पांचवी गोष्ट आली आहे. ती म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरून मिळणारा आरोग्याचा उपदेश. हा उपदेश तरुणांच्या मनांत इतक्या लवकर कां उतरतो, त्यांत खरें किती आणि खोटें किती, आणि तें निवडावें कसें, याचा विचार आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. विषय साधा दिसतो. परंतु ज्या वयांत शरीर बांधलें जातें त्या वयांतील ताटाचा हा प्रश्न आहे, आणि त्या वयांत केलेल्या चुकीची किंमत पुढें तीस-चाळीस वर्षें मोजावी लागते.

हा विचार करण्यास पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक टापूइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीमुळें, आणि चाकण हें संग्रामदुर्ग किल्ल्यामुळें व कांद्याच्या बाजारामुळें ओळखलें जाणारें गांव. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गांवांच्या शिवारांत यंत्रांचा खडखडाट सुरू झाला. १९८२ सालीं येथें महानगरपालिका आली. आणि पुढें मोटारींच्या कारखान्यांनीं चाकणचा माळ भरून गेला. या कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि परप्रांतांतूनही तरुण येतात. चौघे-पांचजण मिळून एक खोली भाड्यानें घेतात, खानावळीचा डबा लावतात, आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा फिरत्या पाळ्यांत काम करतात. आईच्या हातचें ताट शेंदोनशें कोसांवर राहिलेलें असतें. "आज जेवलास का?" असें विचारणारें माणूस जवळ नसतें. तिसऱ्या पाळीवरून सकाळीं परतलेला मुलगा झोंप येईपर्यंत मोबाइल पाहत पडतो, आणि वडील माणसांनीं रिकामी ठेवलेली जागा तो मोबाइल सहज व्यापतो. वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या किंवा हिंजवडीच्या संगणक कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या मुलींचीही गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. आणि जीं मुलें आपल्याच घरीं, आपल्याच पंक्तीला बसतात, त्यांनीं एके दिवशीं भात नको, दुसऱ्या दिवशीं पोळी नको, तिसऱ्या दिवशीं दूध नको असें म्हणण्यास कां आरंभ केला, हें तर आपणांपैकीं पुष्कळांनीं प्रत्यक्ष अनुभविलें असेल.

आरोग्याच्या नांवानें लोकांचें खाणें बदलण्याचा उद्योग मुळांत नवा नाहीं. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडींत त्याचें ठाणें होतें. हातसडीचे तांदूळ खा, गिरणींत पांढरे शुभ्र केलेले तांदूळ टाळा, साखरेपेक्षां गूळ बरा, असा प्रचार या संघानें केला. त्यामागें शास्त्राचा आधार होता. तांदुळाचा कोंडा पार काढून टाकला कीं त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही जातें, आणि केवळ अशा भातावर राहणाऱ्यांस बेरीबेरी हा रोग होतो, हें तोंपर्यंत कळून चुकलें होतें. याच बेरीबेरीच्या चौकशीसाठीं १९१८ सालीं कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं एका खोलीच्या प्रयोगशाळेंत काम आरंभिलें. तेंच रोप वाढत जाऊन १९५८ सालीं हैदराबादेस गेलें आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें उभें आहे. याच्या उलट उदाहरणही त्याच काळांतलें आहे. इंग्लंडांत १९३० नंतर हॉर्लिक्स या पेयाच्या जाहिरातींतून 'रात्रीची उपासमार' नांवाचा एक विकार लोकांस नव्यानेंच ठाऊक झाला. झोंपेंत शरीर उपाशी राहतें, म्हणून सकाळीं थकवा येतो, म्हणून निजण्यापूर्वीं हें पेय घ्यावें, असा तो युक्तिवाद होता. आधीं विकाराला नांव द्यावयाचें आणि मग त्यावर डबा विकावयाचा, ही रीति अशी नव्वद वर्षांची जुनी आहे. तेव्हां सल्ला आणि जाहिरात या दोन्ही गोष्टी पूर्वींही होत्या. परंतु त्या ओळखूं येत असत.

मग आजच्या उपदेशांत निराळें तें काय? पहिली गोष्ट लांबीची. २०२० सालच्या जूनअखेर टिकटॉकवर भारतांत बंदी आली, आणि लगेच जुलै महिन्यांत इन्स्टाग्रामनें रील हा प्रकार येथें सुरू केला. तेव्हांपासून अर्ध्या-एक मिनिटाची चित्रफीत ही तरुणांची नित्याची सोबतीण झाली आहे. अर्ध्या मिनिटांत 'बहुधा', 'कांहीं अंशीं', 'अमुक प्रकृतीच्या मनुष्यास' असले शब्द बसत नाहींत. आणि आहारशास्त्रांतील सत्य बहुतेक याच शब्दांत सांठविलेलें असतें.

दुसरी गोष्ट निवडीची. मासिकांत कोणता लेख यावा हें संपादक ठरवितो. पडद्यावर पुढची चित्रफीत कोणती यावी हें मात्र एक गणित ठरवितें. पाहणारा किती वेळ थांबला, त्यानें ती मित्रास पाठविली कीं नाहीं, तिच्याखालीं कांहीं लिहिलें कीं नाहीं, या नोंदींवर तें गणित चालतें. त्यांत खरेपणाचा रकाना जवळजवळ नसतो. त्यामुळें "वरणभात, भाजी, ताक हें जेवण चांगलें" असें सांगणारा मागें पडतो, आणि "दूध हें पांढरें विष आहे" असें ओरडणारा पुढें येतो. शिवाय अशी एक चित्रफीत पुरती पाहिली कीं त्याच धर्तीच्या आणखी दहा पाठोपाठ येतात, आणि तरुणास वाटूं लागतें कीं सगळें जग हेंच म्हणत आहे.

तिसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मनुष्य उपदेशानें जितका बदलत नाहीं तितका शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून बदलतो. इंग्लंडांतील ॲस्टन विद्यापीठानें २०२० सालीं ३६९ विद्यार्थ्यांची एक पाहणी प्रसिद्ध केली. समाजमाध्यमांवरील आपले सोबती फळें व भाज्या खातात असें ज्यांस वाटे, ते स्वतः तीं अधिक खात. सोबत्यांच्या प्रत्येक वाढपामागें स्वतःचें सुमारें एक पंचमांश वाढप वाढलेलें आढळलें. अरबट-चरबट खाण्याच्या बाबतींत हेंच प्रमाण एक तृतीयांशापर्यंत गेलें. येथें 'वाटे' हा शब्द महत्त्वाचा आहे. सोबती खरोखर काय खातात हा प्रश्नच नव्हता. ते काय खातात असें दिसतें, एवढ्यावर खाणें ठरत होतें. मोबाइल हा तर दिसण्याचाच कारखाना आहे.

चांगले, शिकलेले, सद्हेतूचे लोक बोलत असले तरीही घोटाळा कसा होतो, याचें उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून स्फूर्ति घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनच वेळां, कडकडून भूक लागेल तेव्हां, आणि पंचावन्न मिनिटांच्या आंत जेवावें, मध्यें कांहीं खाऊं नये, असें प्रतिपादन केलें. दर खाण्याबरोबर शरीरांत इन्सुलिन स्रवतें, तेव्हां खाण्याच्या वेळा कमी कराव्या, असा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या बाजूस मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनीं थोड्या थोड्या अंतरानें थोडें थोडें खावें, तूप-भाताला भिऊं नये, आपल्या मातींतलें व ऋतुमानाचें अन्न घ्यावें, असें सांगितलें. २०१८-१९ च्या सुमारास यूट्यूब आणि व्हॉट्सॲप यांच्या द्वारें हीं दोन्ही मतें घरोघर पोहोंचलीं, आणि 'दीक्षित कीं दिवेकर' हा वाद लग्नाच्या पंगतींतही रंगूं लागला.

आतां गंमत पाहा. दोघांच्या सांगण्यांत जें समान होतें, म्हणजे घरचें ताजें अन्न खावें, गोड पेयें व पुड्यांतला माल टाळावा, भुकेची खूण ओळखावी, शरीराला व्यायाम द्यावा, तें कोणीच पुढें पाठविलें नाहीं. दीक्षितांनीं पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची जोड दिली होती. ती वाटेंत गळाली. ही पद्धति अठरा वर्षांखालील मुलांसाठीं नव्हे, हा इशाराही गळाला. उरलें तें फक्त 'दोनदां' आणि 'दर दोन तासांनीं' हे दोन आंकडे. एका मताची बाजू घेणें सोपें. परंतु फिरत्या पाळींत काम करणाऱ्या, मधुमेहाचें औषध घेणाऱ्या मनुष्यानें डॉक्टरास न विचारतां जेवणाची वेळ अशी अकस्मात् बदलली, तर रक्तांतील साखर एकाएकी उतरून तो चालत्या यंत्रासमोर भोंवळ येऊन पडूं शकतो. त्या वेळीं वादाचा निकाल त्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

तरुण मुलांच्या बाबतींत सर्वांत मोठें वेड आज प्रथिनांचें आहे. भोसरी-चिंचवडकडे तालमीची परंपरा जुनी. जोर, बैठका, दूध, बदामाची थंडाई हा पहिलवानाचा खुराक लोकांस ठाऊक होता. तो पहिलवानापुरताच असे. आतां व्यायामशाळेंत महिनाभर गेलेल्या मुलासही वाटतें कीं प्रथिनांच्या भुकटीचा डबा घेतल्यावांचून अंगावर मांस चढणार नाहीं. किलोभराच्या डब्यास दोन हजार रुपयांहून अधिक पडतात, आणि ते खानावळीच्या पैशांतून काढले जातात. म्हणजे भुकटीसाठीं जेवण कमी होतें! येथें थोडा हिशेब करून पाहूं. आपल्याकडील पोषणशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें निरोगी प्रौढ मनुष्यास दर किलो वजनामागें दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें पुरतात. साठ किलो वजनाच्या तरुणास याप्रमाणें पन्नास ग्रॅम लागतील. दिवसभरांत अडीचशें ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तर त्यांतून सुमारें पंचवीस ग्रॅम मिळतात. चाळीस ग्रॅम मटकीच्या उसळींतून आठ-नऊ. तीस ग्रॅम डाळीच्या आमटींतून सहा-सात. मूठभर शेंगदाण्यांतून सात. आणि पेलाभर दुधांतून सात-आठ. बेरीज पन्नासाच्या वर जाते. धान्याच्या प्रथिनांत जें उणें असतें तें कडधान्यांत असतें, आणि कडधान्यांत जें उणें असतें तें धान्यांत. म्हणून भाकरी-उसळ, वरण-भात, खिचडी या जोड्या एकमेकांस पुरत्या पडतात. अंडें खाणाऱ्यास दोन अंड्यांतून आणखी बारा ग्रॅम मिळतात. नेटानें वजनें उचलणाऱ्यास प्रथिनें याहून अधिक लागतील हें खरें. तरी तीं उसळ, फुटाणे, दूध, अंडीं वाढवून मिळण्याजोगीं आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेनें मे २०२४ मध्यें भारतीयांसाठीं आहाराचीं सतरा मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांतही शरीर कमावण्यासाठीं प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्या असेंच सांगितलें आहे. त्याच वर्षीं केरळांतील डॉक्टरांनीं बाजारांतल्या ३६ भुकट्या तपासल्या. शेंकडा सुमारें सत्तर डब्यांवरील प्रथिनांचा आंकडा चुकीचा निघाला. शेंकडा चौदांत बुरशीचें विष सांपडलें. शेंकडा आठांत कीटकनाशकांचा अंश होता. रीलमध्यें दिसणारा पीळदार दंड हा त्या डब्याचा पुरावा नव्हे, एवढें यावरून ध्यानीं यावें.

मुलींच्या बाबतींत उपदेशाची दिशा उलट असते: वाढवा असें नव्हे, तर घटवा. सकाळीं कांहीं खाऊं नका, रात्रीं फक्त सूप घ्या, काकडी-लिंबाचें पाणी पिऊन शरीरांतील विष काढून टाका, सफरचंदाचा शिरका घ्या. शरीरांतील टाकाऊ द्रव्यें बाहेर काढण्याचें काम यकृत आणि मूत्रपिंडें अहोरात्र करीत असतात. त्यासाठीं बाटलींतल्या पाण्याची मुद्दाम योजना करावी लागत नाहीं. शिरक्याची कथा तर बोधप्रद आहे. मार्च २०२४ मध्यें लेबनॉन देशांतील १२० तरुणांवरील एक प्रयोग एका प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला: रोज थोडा शिरका घेतल्यानें वजन घटतें, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर त्याचा डंका वाजला. पुढें आंकड्यांत दोष आढळले, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें तो निबंध मागें घेण्यांत आला. मागें घेतल्याची बातमी मात्र डंक्याइतकी दूर गेली नाहीं. त्या आधारावर केलेल्या चित्रफिती कांहीं मागें घेतल्या गेल्या नाहींत. आणि ज्या मुलींस हें घटविण्याचें शिकविलें जात आहे त्यांची स्थिति काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक, शेंकडा सुमारें चौपन्न, रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. जिच्या रक्तांत लोह कमी आहे तिच्या ताटांतून बाजरी, डाळ आणि पालेभाजी काढून घेणें, आणि त्याला आरोग्य म्हणणें, ही थट्टा नव्हे काय?

तथापि एकच बाजू सांगणें न्यायाचें होणार नाहीं. याच मोबाइलनें कांहीं चांगलेंही केलें आहे. एप्रिल २०२३ मध्यें रेवंत हिमत्सिंगका या तरुणानें बोर्नव्हिटा या पेयांतील साखरेविषयीं एक चित्रफीत प्रसारित केली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्यानें ती मागें घेतली. परंतु प्रश्न मागें गेला नाहीं. एक वर्षानें, एप्रिल २०२४ मध्यें, केंद्र सरकारनें ऑनलाइन विक्रेत्यांस असलीं पेयें 'आरोग्यपेय' या सदराखालीं विकूं नयेत असें कळविलें. पुड्याच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचण्याची संवय पुष्कळ तरुणांस अशाच चित्रफितींनीं लागली आहे. आणि ती संवय आपणां वडील मंडळींस कधींच नव्हती. २०२३ हें संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां नाचणी-बाजरीचे नवे नवे पदार्थ मुलांनीं मोबाइलवर पाहूनच करून पाहिले. आजीनें सांगितलें तेव्हां ज्या भाकरीला नाक मुरडलें तीच भाकरी त्यांनीं आवडीनें खाल्ली. तेव्हां साधन टाकाऊ आहे असें म्हणतां येत नाहीं. निवडण्याची बुद्धि पाहिजे, इतकेंच.

सरकारनेंही कांहीं कुंपण घातलें आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें नियम केले, कीं आरोग्याविषयीं सल्ला देणाऱ्या वैद्य, आहारतज्ज्ञ वगैरेंनीं आपली पात्रता सांगावी, आणि पात्रता नसलेल्यांनीं हा सल्ला वैद्यकीय सल्ल्याच्या जागीं धरूं नये असें स्पष्ट म्हणावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळीं दहा लक्ष रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लक्षांपर्यंत दंड होऊं शकतो. परंतु हजारों तोंडांवर कायद्याचा पहारा ठेवणें अवघड आहे. म्हणून पाहणाऱ्यानेंच चार प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. बोलणारा हें शास्त्र कोठें शिकला? तो सांगतो त्या वस्तूच्या विक्रींतून त्यास कांहीं मिळतें काय? कारण, बोलण्याच्या शेवटीं सवलतीचा संकेतशब्द आला कीं तो सल्ला नसून दुकान आहे असें समजावें. तो सर्वांस एकच उपाय सांगतो, कीं कोणी करूं नये हेंही सांगतो? आणि तो एखादा पदार्थ विष किंवा अमृत ठरवीत आहे काय? या चार प्रश्नांतून जो सल्ला उतरेल, तोही दुखणें असेल, औषध चालू असेल किंवा स्त्री गरोदर असेल तर डॉक्टरास दाखवूनच आचरावा.

शेवटीं दोन शब्द वडील मंडळींकरितां. मुलानें भात नाकारला कीं "आम्ही हेंच खाऊन वाढलों" एवढें म्हणून आपण मोकळे होतों. त्यानें मुलगा गप्प बसतो, पण त्यास पटत नाहीं. कारण मोबाइलवरचा मनुष्य निदान कांहीं कारण तरी देतो. आपणही कारण द्यावें. उसळीला मोड कां आणावे, भाकरीबरोबर डाळ कां हवी, पालेभाजीवर लिंबू पिळल्यानें लोह शरीरास अधिक कसें लागतें, हें समजावून सांगावें. आणि तो दाखवील ती चित्रफीत त्याच्या शेजारीं बसून, न रागावतां, पुरती पाहावी. ज्यांचीं मुलें चाकणसारख्या ठिकाणीं एकटीं राहतात, त्यांनीं पैसे पोहोंचले का या प्रश्नाबरोबर, आज काय जेवलास, हाही प्रश्न विचारावा. आणि सणासुदीला मुलगा घरीं येईल तेव्हां परततांना त्याच्या पिशवींत शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे, नाचणीचें पीठ अवश्य बांधून द्यावें. खोलींत चूल नसली तरी फुटाणे खातां येतात, आणि तिसऱ्या पाळीच्या मध्यरात्रीं, जेव्हां भूक लागते आणि समोर फक्त चहा व वडापाव असतो, तेव्हां त्यांचा खरा उपयोग होतो.